गाडीतली दुसरी बॅटरी



मार्च महिन्यातली एक सकाळ. आमच्या महाविद्यालयाची जुनी मिनीबस सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, शाळेच्या पटांगणावर उभी होती. या बसची मागची आसने काढून आम्ही तिचे फिरते विज्ञान प्रदर्शन केले आहे. दोन्ही बाजूंना प्रयोगांची मांडणी, मागे दुर्बिणीची पेटी आणि मुक्कामासाठी दोन अरुंद बाक. आदल्या रात्री गावकऱ्यांना आकाशदर्शन घडवले होते, मुलांना प्रोजेक्टरवर चंद्राची विवरे दाखवली होती. नंतर डास फार, म्हणून दोन छोटे पंखे लावून आम्ही बसमध्येच झोपलो. सकाळी नऊ वाजता पुढच्या गावी दोनशे मुले आमची वाट पाहणार होती.

चालकाने किल्ली फिरवली. ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज आला आणि बस गप्प झाली. पुन्हा किल्ली, पुन्हा तोच आवाज. शेवटी गावातल्या तरुणांनी बस ढकलत उताराला नेली, तेव्हा इंजिन सुरू झाले. पुढच्या शाळेत आम्ही पोचलो ते दोन तास उशिरा. निम्मी मुले घरी गेली होती.

त्या दिवशी वाटेतल्या एका गॅरेजमधले मिस्त्री मला म्हणाले, “सर, गाडीची बॅटरी गाडीसाठी असते. दिव्यांसाठी वेगळी ठेवा.” सल्ला अगदी बरोबर होता. पण तो बरोबर का आहे आणि तो पाळूनही पुढे आमची फजिती का झाली, हे समजायला मला माझेच पाठ्यपुस्तक पुन्हा उघडावे लागले. आज ती गोष्ट तुम्हांला सांगणार आहे.

धावपटू आणि हमाल

प्रथम हिशोब करू. त्या रात्री आम्ही किती वीज वापरली?

10 वॅटचे दोन दिवे, 5 तास: 100 वॅट-तास
15 वॅटचे दोन पंखे, 6 तास: 180 वॅट-तास
60 वॅटचा प्रोजेक्टर, 2 तास: 120 वॅट-तास
पाण्याचा छोटा पंप, मोबाइल, लॅपटॉप मिळून: 50 वॅट-तास

एकूण 450 वॅट-तास. बॅटरी 12 व्होल्टची, म्हणून 450 ला 12 ने भागू: 37.5 अँपिअर-तास. प्रोजेक्टर चालवण्यासाठी इन्व्हर्टर लागतो आणि त्यातही थोडी ऊर्जा वाया जाते. तेव्हा 40 अँपिअर-तास धरू.

अँपिअर-तास म्हणजे काय, हे येथेच पक्के करून घ्या. एक अँपिअर विद्युतप्रवाह एक तास वाहिला, की एक अँपिअर-तास विद्युतभार गेला. तासात 3600 सेकंद असतात, म्हणून 1 अँपिअर-तास म्हणजे 3600 कूलोम. 

आता इंजिन सुरू करायला किती भार लागतो ते पाहा. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर सुमारे 300 अँपिअर प्रवाह घेते असे समजा. हा आकडा मोठा दिसतो. पण काम तीन सेकंदांचे. 300 गुणिले 3 म्हणजे 900 कूलोम, अर्थात केवळ पाव अँपिअर-तास! रात्रभरच्या दिव्या-पंख्यांनी जो भार घेतला, त्यात इंजिन 160 वेळा सुरू झाले असते.

यावरून बॅटरीच्या दोन निरनिराळ्या कामांतला फरक स्पष्ट होतो. एक काम शंभर मीटर धावणाऱ्या धावपटूचे: क्षणभर प्रचंड जोर आणि मग विश्रांती. दुसरे काम हमालाचे: बेताचे ओझे, पण तासन् तास. गाडीची मूळ बॅटरी ही धावपटू आहे. आम्ही तिला रात्रभर ओझे वाहायला लावले आणि सकाळी धाव म्हणालो.

युरोपात ज्या गाड्यांमध्ये स्वयंपाकाची व झोपण्याची सोय असते, त्यांना कॅम्पर व्हॅन म्हणतात. 1950 नंतरच्या दशकांत फोक्सवागेनच्या व्हॅनमध्ये असे फिरते घर थाटण्याची तेथे मोठी हौस होती आणि ती आजही आहे. अशा गाड्यांत दिवे, पंप, छोटा फ्रीज यांसाठी दुसरी बॅटरी बसवतात. ब्रिटनमध्ये तिला ‘लेझर बॅटरी’ म्हणतात. लेसर किरणांशी तिचा काही संबंध नाही बरे! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फुरसत. फुरसतीच्या वेळी वापरायची ती फुरसतीची बॅटरी. नाव आरामाचे असले, तरी तिचे काम मात्र हमालाचेच आहे.

आत काय घडते?

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध गास्तों प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1859 मध्ये लावला. पुढे 1881 मध्ये कामिय फोर याने शिशाच्या संयुगांचा लगदा पट्टिकांवर लिंपण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात बनू लागली. आज दीडशेहून अधिक वर्षांनीही मूळ रसायन तेच आहे.

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा विद्युतघट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक घटाचे विभवांतर सुमारे 2.1 व्होल्ट, म्हणून सहांचे मिळून 12.6 व्होल्ट. प्रत्येक घटात धन पट्टिकेवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टिकेवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्यूरिक आम्ल असते. बॅटरी वीज देऊ लागली, की दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल खर्च होऊन पाणी बनते. बाहेरून उलट दिशेने विद्युतप्रवाह दिला, की सल्फेटाचे पुन्हा शिसे व डायऑक्साइड बनते आणि आम्ल परत येते. यालाच आपण चार्जिंग म्हणतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली ही, की बॅटरी म्हणजे विजेची टाकी नव्हे. तिच्यात वीज साठवलेली नसते, रसायने साठवलेली असतात. दुसरी अशी, की वापराबरोबर आम्ल पातळ होत जाते, त्यामुळे बॅटरी किती भरली आहे हे आम्लाच्या घनतेवरून कळते. बॅटरीवाला रबरी फुगा लावलेल्या काचेच्या नळीत थोडे आम्ल ओढून घेतो आणि आत तरंगणारा हायड्रोमीटर पाहतो. विशिष्ट गुरुत्व 1.27 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, 1.20 असेल तर सुमारे निम्मी आणि 1.12 पर्यंत उतरले तर रिकामी समजावी.

व्होल्टमीटरनेही अंदाज येतो, पण येथे पुष्कळजण फसतात. “12 व्होल्टची बॅटरी 12 व्होल्ट दाखवते आहे, म्हणजे ती भरलेली आहे,” असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात काही तास विश्रांती घेतलेली पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, निम्मी भरलेली सुमारे 12.2 आणि जवळजवळ रिकामी 11.9. भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टाचेही अंतर नाही!

‘कट्-कट्’ का झाले?

मग 12.6 च्या जागी 12.1 व्होल्ट असले, तर एवढ्याशा फरकाने इंजिन का अडावे? याचे उत्तर अंतर्गत रोधात आहे. बॅटरीतील पट्टिका आणि आम्ल यांचा स्वतःचा थोडा विद्युतरोध असतो आणि बाहेर जाणारा सर्व प्रवाह त्यातून जातो.

समजा, भरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध 0.01 ओहम आहे. 300 अँपिअर वाहताना आतल्या आत 300 गुणिले 0.01, म्हणजे 3 व्होल्ट खर्च होतात आणि स्टार्टरला 9.6 व्होल्ट मिळतात. स्टार्टरला मिळणारी शक्ती 9.6 गुणिले 300, म्हणजे 2880 वॅट. येथे स्टार्टरचा रोध 9.6 भागिले 300, म्हणजे 0.032 ओहम झाला.

बॅटरी उतरली, की आम्ल पातळ होते, पट्टिकांवर सल्फेटाचा थर बसतो आणि अंतर्गत रोध वाढतो. जुन्या बॅटरीत तो 0.03 ओहम झाला असे धरा. आता प्रवाह 12.1 भागिले 0.062, म्हणजे 195 अँपिअर. स्टार्टरला मिळणारी शक्ती प्रवाहाचा वर्ग गुणिले 0.032, म्हणजे सुमारे 1217 वॅट. पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी! स्टार्टरचा रोध कायम मानून केलेले हे ढोबळ गणित आहे. पण कारण त्यातून नीट कळते. बॅटरीचे विभवांतर थोडेच उतरले, तिचा जोर मात्र निम्म्याने गेला.

दोन बॅटऱ्या, दोन घडणी

धावपटू बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्टिका असतात. पृष्ठफळ जास्त, म्हणून अंतर्गत रोध कमी. हमाल बॅटरीत पट्टिका कमी, पण जाड असतात. घरच्या इन्व्हर्टरला जी ट्यूब्युलर बॅटरी लावतात, तिच्यात धन पट्टिकेचा लगदा कापडी नळ्यांत भरलेला असतो. असे का? शिशाचे सल्फेट मूळ द्रव्यापेक्षा जास्त जागा व्यापते. प्रत्येक वेळी बॅटरी खोलवर उतरली, की लगदा फुगतो आणि भरली, की आकसतो. या फुगण्या-आकसण्याने पातळ पट्टिकेवरचा लगदा सुटून तळाशी पडतो. जाड पट्टिका आणि नळ्या त्याला धरून ठेवतात.

तरीही हमालालाही मर्यादा असते. शिसे-आम्ल बॅटरी शक्यतो निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये, असा संकेत आहे. आम्हांला 40 अँपिअर-तास हवे होते, म्हणून आम्ही 100 अँपिअर-तासांची बॅटरी घेतली.

100 हा आकडा बहुधा 20 तासांच्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणजे 5 अँपिअर दराने 20 तास. हीच बॅटरी 50 अँपिअर दराने वापरली, तर ती 2 तास चालणार नाही, त्याआधीच उतरेल. घाईने वीज ओढली, तर आम्लाला पट्टिकेच्या छिद्रांत खोलवर शिरायला सवड मिळत नाही. प्रवाह वाढला, की उपयोगी क्षमता कशी घटते, याचे सूत्र पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये मांडले.

बॅटरी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आली. मोठ्या उत्साहाने आम्ही ती बसमध्ये बसवली आणि आता चिंता मिटली असे मला वाटले.

जोडणी: एकत्र, पण वेगळ्या

दुसऱ्या बॅटरीला चार्ज करणार कोण? इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे 14.2 व्होल्ट देतो. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके एकमेकींना आणि ऋण टोके एकमेकींना जोडली, की दोन्ही चार्ज होतील. पण त्या कायमच्या जोडल्या, तर रात्री दिवे दोन्ही बॅटऱ्या उतरवतील आणि सकाळी पुन्हा ‘कट्-कट्’. तेव्हा गाडी चालताना त्या जोडलेल्या हव्यात आणि थांबल्यावर वेगळ्या.

हे काम रिले करतो. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारा स्विच. एका प्रकारचा रिले व्होल्टेज पाहून चालतो. पहिल्या बॅटरीचे व्होल्टेज 13.3 च्या वर गेले, म्हणजे अल्टरनेटर चालू झाला, की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि व्होल्टेज 12.8 च्या आसपास उतरले, की तोडतो. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचावे म्हणून अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त केले जाते. तेथे साधा रिले पुरत नाही. व्होल्टेज वाढवून योग्य तेवढे देणारा डीसी-डीसी चार्जर लावतात. आमची बस जुनी, म्हणून रिले पुरेसा होता.

आणि येथेच माझी चूक झाली.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची फजिती

चूक सांगण्याआधी चार्जिंग कसे होते ते पाहू. एस.टी. स्टँडवर रिकामी गाडी लागली, की सुरुवातीला माणसे भराभर चढतात. जागा भरत आली, की एकेक जण सावकाश आत सरकतो. बॅटरीचेही तसेच आहे. रिकामी बॅटरी सुरुवातीला भरपूर प्रवाह घेते. साध्या शिसे-आम्ल बॅटरीला क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 10 अँपिअर प्रवाह मानवतो. ती भरत जाते तसतसे तिचे व्होल्टेज चढते. 14.4 च्या आसपास पोचल्यावर व्होल्टेज तेथेच स्थिर ठेवायचे आणि प्रवाह आपोआप कमी होऊ द्यायचा. हा शेवटचा टप्पा फार हळू चालतो. अखेरच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. बॅटरी पूर्ण भरली, की व्होल्टेज 13.5 च्या आसपास उतरवून नुसती राखण करायची.

शिवाय जितके काढले तितकेच भरून भागत नाही. काही ऊर्जा उष्णतेत आणि पाण्याच्या विघटनात जाते. 40 अँपिअर-तास काढले, तर सुमारे 46 परत घालावे लागतात.

आता माझी चूक. दुसरी बॅटरी बसच्या मागच्या भागात होती. पुढून मागे 5 मीटर, जाऊन-येऊन 10 मीटर तार. आमच्याकडे घरच्या वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची तार शिल्लक होती, तीच मी वापरली. तांब्याचा विशिष्ट रोध 0.000000017 ओहम-मीटर. त्यावरून या तारेचा रोध येतो 0.068 ओहम. “नगण्य!” असे मी म्हणालो असेन. विद्यार्थ्याने असे म्हटले असते, तर मी त्याला गणित करायला लावले असते.

गणित असे. चार्ज होताना दुसऱ्या बॅटरीचे व्होल्टेज 13.4 झाले, तर तारेच्या दोन टोकांत उरले 14.2 वजा 13.4, म्हणजे 0.8 व्होल्ट. प्रवाह 0.8 भागिले 0.068, म्हणजे जेमतेम 12 अँपिअर. बॅटरी 13.8 वर पोचली, की तोच प्रवाह 6 अँपिअर. आमचा एका गावाहून दुसऱ्या गावाचा प्रवास साधारण तासाभराचा. म्हणजे रोज जमा फार तर 10 अँपिअर-तास आणि खर्च 40! अशा हिशोबाने दुकान चालेल का? कधी एखाद्या शाळेत तास-दोन तास चार्जर लावून आम्ही वेळ मारून नेत होतो, पण बॅटरी पूर्ण अशी कधी भरलीच नाही. दौरे संपले आणि पावसाळ्याचे चार महिने बस शेडमध्ये उभी राहिली. बॅटरी अर्धवट उतरलेली, तशीच.

नोव्हेंबरमध्ये ती चार्ज केली. व्होल्टमीटरने 12.6 दाखवले. आम्हांला हायसे वाटले. पण पहिल्याच रात्री दिवे मंदावले. प्रयोगशाळेत आणून 5 अँपिअर प्रवाहाने उतरवून पाहिली, तर ती 20 ऐवजी 6 तासच चालली. 100 अँपिअर-तासांची बॅटरी 30 ची झाली होती. विद्यार्थ्यांच्या वर्गणीची बॅटरी माझ्या पातळ तारेने आणि माझ्या विसराळूपणाने गेली.

पिठीसाखर आणि खडीसाखर

बॅटरीला झाले तरी काय? नुकतेच तयार झालेले शिशाचे सल्फेट अतिशय बारीक कणांचे असते. लगेच चार्जिंग केले, तर त्याचे सहज रूपांतर होते. पण ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर बारीक कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर बसत जातात आणि कठीण थर तयार होतो. पिठीसाखर पाण्यात क्षणात विरघळते. तीच साखर खडीसाखर होऊन बसली, की चमचा कितीही ढवळा, दाद देत नाही. पट्टिकेचा जेवढा भाग असा खडीसाखरेखाली गेला, तेवढा कामातून गेला. उरलेला भाग मात्र पूर्ण भरतो, म्हणून व्होल्टमीटर खुशाल 12.6 दाखवतो.

बॅटरी वापराने झिजते हे खरे. पण उतरलेली ठेवल्याने ती त्याहून फार लवकर मरते.

दुसऱ्यांदा केले ते असे

तार 16 चौरस मिलिमीटरची घेतली. तिचा रोध सुमारे 0.011 ओहम. 20 अँपिअर वाहिले, तरी तारेत फक्त 0.2 व्होल्ट जातात. या तारेच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ, एकेक फ्यूज बसवला. दोन का? कारण या तारेच्या दोन्ही टोकांना वीज देणारी बॅटरी आहे. मध्येच तार घासून गाडीच्या पत्र्याला लागली, तर दोन्हीकडून प्रवाह येईल. एका टोकाचा फ्यूज दुसऱ्या बॅटरीला अडवणार नाही.

बसच्या टपावर 100 वॅटचे दोन सौर पॅनल लावले. असे एक पॅनल कडक उन्हात सुमारे 18 व्होल्टला साडेपाच अँपिअर देते. दोन समांतर जोडली, म्हणजे 11 अँपिअर. आमच्या बॅटरीला हवा तसा, क्षमतेच्या एक दशांशाच्या आसपास. स्वच्छ उन्हाच्या दिवशी 5 तास पूर्ण तेज मिळते असे धरले आणि नुकसानी वजा केली, तर सुमारे 45 अँपिअर-तास जमा होतात. अल्टरनेटरचे वेगळे. आता जमाखर्च जुळला.

पॅनल थेट बॅटरीला जोडत नाहीत. 18 व्होल्ट तिला फार होतील, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येऊन आटत जाईल. मध्ये चार्ज कंट्रोलर हवा. वर सांगितलेले तिन्ही टप्पे तो सांभाळतो. आधी त्याला बॅटरी जोडावी, नंतर पॅनल. पॅनलवर झाडाची फांदीभर सावली पडली, तरी वीज निम्म्याहून घटू शकते, कारण आतले घट एकसर जोडलेले असतात आणि एक अडला, की रांग अडते. म्हणून आमचा चालक आता झाडाखाली बस लावत नाही. त्याला उकडते, पण बॅटरी भरते!

उष्णतेचाही विचार करावा लागतो. बॅटरी तापली, की तिला कमी व्होल्टेज पुरते. 25 अंशांच्या वर दर अंशाला प्रत्येक घटामागे सुमारे 4 मिलिव्होल्ट कमी करावेत. सहा घटांचे 24 मिलिव्होल्ट. 40 अंशांच्या उन्हाळ्यात 15 गुणिले 24, म्हणजे 0.36 व्होल्ट कमी. 14.4 ऐवजी 14.04. चांगला कंट्रोलर हे आपोआप करतो.

आजकाल पुष्कळ फिरत्या घरांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या दिसतात. त्यांच्या एका घटाचे 3.2 व्होल्ट, चारांचे 12.8. त्या वजनाला हलक्या, खोलवर उतरल्या तरी टिकाऊ आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी त्यांत खडीसाखर होत नाही. पण त्यांना घटांवर नजर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल लागते, शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही आणि सुरुवातीची किंमत जास्त. शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर त्यांना डोळे मिटून लावू नये.

सावधान!

12 व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून बॅटरी निरुपद्रवी समजू नका. दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर 12.6 भागिले 0.01, म्हणजे हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात. बॅटरीजवळ काम करणाऱ्याने अंगठी, कडे, धातूचे घड्याळ काढून ठेवावे. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात; हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला, तरी ठिणगीने तो पेटतो. माणसे झोपतात त्या गाडीत साधी शिसे-आम्ल बॅटरी बंद पेटीत ठेवून तिची नळी बाहेर काढावी. पाणी आटले, तर फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे, तेही मोठ्या माणसाने. आम्लाला तुम्ही हात लावू नका.

हे करून पाहा

विजेरीचा एक नवा घट आणि एक वापरून थकलेला घट घ्या. मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज मोजा. फरक थोडाच दिसेल. आता प्रत्येकाला विजेरीचा छोटा दिवा जोडून, दिवा लागलेला असतानाच पुन्हा व्होल्टेज मोजा. थकलेल्या घटाचे सोंग लगेच उघडे पडेल. समजा, व्होल्टेज 1.4 वरून 0.95 झाले आणि दिव्यातून 0.15 अँपिअर वाहत असले, तर अंतर्गत रोध 0.45 भागिले 0.15, म्हणजे 3 ओहम. तुमच्या घटांचे रोध काढा.

विचार करा

1. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांचा वॅट-तासांचा हिशोब मांडा. 150 अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची ठरवली, तर ती किती तास पुरेल?

2. आमच्या बसमध्ये 16 ऐवजी 6 चौरस मिलिमीटरची तार वापरली असती, तर 20 अँपिअर प्रवाहाला किती व्होल्ट वाया गेले असते?

3. भरलेली 100 अँपिअर-तासांची बॅटरी किती जूल ऊर्जा देते? एक लिटर डिझेल जळून सुमारे 3 कोटी 60 लाख जूल मिळतात. तेवढ्यासाठी अशा किती बॅटऱ्या लागतील?

आमच्या शेडच्या भिंतीवर आता एक तक्ता टांगलेला आहे. बस दौऱ्यावरून आली, की दुसरी बॅटरी पूर्ण चार्ज करायची आणि मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिचे विशिष्ट गुरुत्व मोजून लिहायचे. हे काम द्वितीय वर्षाचे विद्यार्थी पाळीपाळीने करतात, पावसाळ्याच्या सुट्टीतसुद्धा. या बॅटरीला आता तीन वर्षे झाली. तक्त्यावरचा शेवटचा आकडा 1.26 आहे.